शेंदूर लावलेला शेजारी

ठाण्यात येऊरला जायचं असलं की लोक ‘वर जाऊ या का?’ असं विचारतात. वर म्हणजे उपवन तलावाच्या बाजूने चढत जाणारा रस्ता, वनखात्याची चौकी, मग बंगले, ढाबे, टर्फ, कुणाच्या तरी हळदीचा डीजे, आणि हे सगळं संपल्यावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. साधारण १०४ चौरस किलोमीटरांचं हे उद्यान मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरलंय. बोरिवलीकरांना ते त्यांचं वाटतं, कारण मोठं प्रवेशद्वार, सफारीच्या गाड्या आणि कान्हेरीची लेणी त्यांच्याकडे आहेत. आमच्या वाट्याला मागची बाजू आली. माझी काही तक्रार नाही. मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी आवराआवर केलेली नसते.

मला लिहायचंय ते देवाबद्दल, आणि लिहिताना थोडा संकोच होतोय. कारण ‘निसर्ग हाच खरा देव’ हे वाक्य रोज सकाळी सूर्योदयाच्या फोटोवर चढून माझ्या फोनवर येतं आणि मी ते रोज पुसून टाकते. तो देव फार सोयीचा आहे. कायम सोनेरी उजेडात उभा असतो, त्याला वास नाही, तो चावत नाही. खऱ्या येऊरमध्ये तासभर चाललात तर मोज्यांत कुसळं शिरतात, मानेवर गोचीड चढते, खाजकुयलीच्या शेंगेला नुसतं कोपर लागलं तरी दिवस वाया जातो. पावसाळा सरता सरता गेलात, तर वाटेवर आडवं बांधलेलं जाळं थेट तोंडावर येतं आणि त्याच्या मधोमध पंजाएवढी कोळीण बसलेली असते. तिच्याकडे बघून ‘सुप्रभात’ सुचत नाही.

आमच्या नौपाड्याच्या घरातला देव गुरुवारचा होता. बाबा दत्तभक्त. दोन खोल्यांच्या घरात देव्हारा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, कपबशांच्या फळीखाली. आरतीच्या वेळी आमटी उतू जाऊ नये म्हणून गॅस मंद करावा लागे. वर्षातून एकदा नरसोबाच्या वाडीला जायचं आणि एरवी इमारतीमागच्या उंबराला प्रदक्षिणा घालायच्या. उंबर तोडायचा नाही, त्याच्या मुळाशी थुंकायचं नाही आणि फळ फोडून आत बघायचं नाही. हा शेवटचा नियम आजीचा. उंबर फोडून केंबरं काढू नयेत, असं ती म्हणायची. पण बहुतेक वेळा ते झाडाबद्दल नसून माझ्या चौकशा बंद करण्यासाठी असायचं.

बाबा आजारी पडले तेव्हा आईनं नवस बोलला. बाबा गेले. त्यानंतर आईचा गुरुवार तसाच चालू राहिला, माझा सुटला. देवाशी भांडण वगैरे झालं नाही. मी अबोला धरला, इतकंच. आमच्या घराण्यात अबोला हा प्रतिष्ठेचा मामला आहे. माझी एक काकू आणि आत्या एकाच पंगतीत बसून वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि दोघींना आमटी मात्र एकाच डावानं वाढली जायची. माझंही तसंच चाललं होतं. गणपतीला आरतीत उभी राहायचे, टाळ्या वाजवायचे, प्रसाद खायचे. बोलत नव्हते.

येऊरला मला ओढून नेलं ते वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीनं, तिच्या पक्षी बघणाऱ्या मंडळींबरोबर. चैत्र होता. चैत्रात हे जंगल दिसायला काही फार बरं नसतं, हे आधीच सांगते. साग उघडेबोडके, जमिनीवर घोटाभर पाचोळा, पाऊल टाकलं की तळलेला पापड मोडावा तसा आवाज. मधेच एखादा कुसुंब मात्र कोवळ्या लाल पानांनी पेटल्यासारखा उभा. तांबट पक्षी कुठेतरी सतत ठोके घालत असतो आणि त्यानं ऊन अजूनच वाढल्यासारखं वाटतं. वाट दाखवायला पाड्यावरचे एक गृहस्थ होते. वारली, पन्नाशीचे, पायात प्लास्टिकच्या चपला. सगळे त्यांना मामा म्हणत होते, म्हणून मीही म्हणायला लागले.

कोरड्या ओढ्याच्या काठाला उंबर लागला. ऐसपैस झाड, बुंध्यावर आणि जाड फांद्यांवर थेट फळांचे घोस लगडलेले, बहुतेक हिरवे, काही गुलाबी होत आलेले. माझी पावलं सवयीनं अडखळली. हात तेव्हा जोडले नाहीत, पण चपलांची आठवण झाली. माकडांनी खाली बरीच फळं टाकली होती. मामांनी त्यातलं एक उचललं, अंगठ्याच्या नखानं त्याचे दोन भाग केले आणि तळहातावर माझ्यापुढे धरले.

‘बघा. आत घर भरलंय.’

आजीचा नियम मोडून मी वाकले. मैत्रिणीनं भिंग दिलं. आतल्या बाजूला गुलाबी दाण्यांची दाट किनार होती, खरं तर ती सगळी फुलंच. उंबराची फुलं फळाच्या पोटात असतात, म्हणून तर उंबराचं फूल दिसत नाही असं म्हणतात. त्या दाण्यांमधून तिळाहूनही लहान काळ्या वरटा, म्हणजे गांधीलमाशीच्या जातीचे इवले कीटक, बाहेर येत होत्या. एक माझ्या नखावर चढली, पंख झटकले, उडाली. त्यांच्या खालीच काही पिवळसर, बिनपंखाचे किडे लोळत पडले होते, बहुतेक मेलेले. ते नर.

मैत्रिणीनं मग तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ही वरटाची मादी कोवळ्या फळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकातून आत शिरते. भोक इतकं अरुंद की शिरताना तिचे पंख तुटतात. आत ती दुसऱ्या उंबरावरून आणलेले परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे त्या फुलांतून आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात, कारण त्यांना कुठे जायचंच नसतं. ते माद्यांशी जुगतात, मग फळाच्या भिंतीतून बाहेर जायला बोगदा कोरतात आणि त्या बोगद्यातून स्वतः न जाता मरतात. माद्या नवे पराग घेऊन त्या वाटेनं उडून जातात आणि दुसरा उंबर शोधतात. त्यांच्या हातात एखाद-दोन दिवसच असतात. ही वरट नसेल तर उंबराला बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर या वरटीला जन्म घ्यायला जागा नाही. कोट्यवधी वर्षं हा कारभार असाच चाललाय.

मी त्या अर्ध्या फळाकडे बघत बराच वेळ उभी राहिले. मंडळी पुढे हळद्या पक्ष्याच्या मागे गेली होती. माझ्या मनात आलं ते असं, की मी लहानपणी ज्याला प्रदक्षिणा घातल्या, त्या नौपाड्याच्या उंबराच्या पोटातही हेच चालू असणार. आम्ही बाहेरून मंत्र म्हणत फिरत होतो आणि आत कुणी पंख तोडून शिरत होतं, कुणी दुसऱ्यासाठी वाट कोरून मरत होतं. आईचा नवस, माझा अबोला, त्या झाडापर्यंत यातलं काहीच पोचलेलं नव्हतं. ते दुसऱ्या कामात होतं. मला याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते हायसं. कुणीतरी माझं ऐकून मुद्दाम नकार दिला, असं इतकी वर्षं धरून बसले होते, ते ओझं तिथे ओढ्यात उतरलं.

आता इथे थांबून ‘म्हणजे देव नाही’ असं म्हणता आलं असतं. माझी ती मैत्रीण म्हणतेच. तिच्या मते हे जीवशास्त्र आहे, पुरेसं सुंदर आहे, त्यात देव कशाला कालवायचा? तिच्याशी या बाबतीत मी वाद घालत नाही, कारण तिला पक्ष्यांची नावं माझ्यापेक्षा जास्त येतात. पण माझे हात त्या झाडापुढे जोडले गेले होते, काही मागायचं नसताना. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं, आणि ते मोजायला माझ्याकडे जीवशास्त्र नव्हतं.

पुढे पाड्याकडे जाणाऱ्या पायवाटेच्या कडेला वाघोबा भेटला.

नुसता दगड. गुडघ्याएवढा उभा, वरून थोडा गोलसर, शेंदराचे थर चढून चढून कडा बोथट झालेल्या. नीट बघितलं तर त्यावर कोरलेलं जनावर हाताला लागतं: चार पाय, पाठीवरून वर वळलेली शेपटी, डोक्याच्या दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र. पुढ्यात नारळाच्या करवंट्या, उदबत्तीच्या काड्या, वाळलेला झेंडू, एक चहाचा कागदी कप. छप्पर नाही, दानपेटी नाही, घंटा नाही. मामांनी वाकून कप उचलला, चुरगळून खिशात घातला आणि दगडाला हात लावून तो कपाळाला लावला. पुढे चालायला लागले. सगळा कार्यक्रम पाच सेकंदांत उरकला.

वारल्यांच्या देवांत हिरवा आहे, हिमाय आहे, धान्याची कणसरी आहे, तसा वाघोबा. सह्याद्रीच्या पट्ट्यात तो ठिकठिकाणी आहे. दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडे वसुबारस असते आणि गाय-वासराची पूजा होते. त्याच दिवशी पाड्यांवर वाघबारस असते. एकाच तिथीला एकीकडे गाय आणि दुसरीकडे तिला खाणारा, दोघांचाही मान. पंचांग ज्यानं बांधलं तो माणूस मला आवडतो. या उद्यानात आता रानटी पट्टेरी वाघ उरलेला नाही; पण पाड्यावर बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि बिबट्या मात्र भरपूर आहे. २०१५ साली कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा ३५ बिबटे सापडले होते. इतक्या कमी जागेत, भोवती इतकी माणसं असताना, इतके बिबटे जगात फार थोड्या ठिकाणी असतील. घोडबंदर रोडवरून बस वाघबीळच्या थांब्यावर थांबते तेव्हा आत बसलेल्या कुणालाही हे आठवत नाही.

मी मामांना विचारलं, ‘वाघोबाकडे तुम्ही मागता काय?’

‘मागायचं काय त्याच्याकडं? त्याच्याकडं काय हाय?’ ते हसले. ‘आम्ही हितं आहोत, तू तिथं आहेस, येवढं सांगायचं. वर्षातनं एकदा नारळ, कोंबडं द्यायचं. शेजाऱ्याला देतो तसं.’

मग मी तो प्रश्न विचारला जो खरं तर मला दुसऱ्याच देवाला विचारायचा होता. उद्यानाभोवतीच्या पाड्यांत बिबट्यानं माणसं, लहान मुलं नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. २००२ ते २००४च्या सुमाराला तर त्यांनी कळस गाठला होता. त्या काळात एक पद्धत होती: बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा, पकडायचा आणि दुसरीकडे नेऊन सोडायचा. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं की यानं उलट घोळ वाढतो. अनोळखी जागी सोडलेलं जनावर बिथरतं, परतायचा प्रयत्न करतं, आणि रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा बिबट्या येऊन बसतो. हे सगळं मला वाचून माहीत होतं. मला विचारायचं होतं ते वेगळं. ज्याच्या घरातलं माणूस वाघानं नेलं, तो पुढच्या वाघबारशीला शेंदूर कसा लावतो?

मामा थोडा वेळ चालत राहिले. ‘रागावतो ना,’ ते म्हणाले. ‘दगडासमोर उभं राहून शिव्या घालतात माणसं. पर दगड काढून टाकत नाय कोणी. टाकला तरी वाघ तर हायेच.’

मी मान हलवली. बोलण्यासारखं काही नव्हतं. आमच्या दत्ताला मी कधी शिवी दिली नव्हती. ती सोय मला माहीतच नव्हती. आमच्याकडे देव म्हणजे सज्जन वडीलधारा. त्याच्यापुढे फार तर रुसायचं. ज्याच्यापुढे उभं राहून ओरडता येतं, जो बांधील नाही, जो उद्या तुमच्याच कोंबड्या नेईल आणि तरी ज्याचा दगड जागेवर ठेवायचा, असा देव माझ्या ओळखीत नव्हता. तो काही देत नाही, म्हणून त्यानं दिलं नाही असं म्हणता येत नाही. त्याच्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे तो आहे हे धरून वागायचं: अंधार पडायच्या आत पोरं घरात, झाडीत जाताना एकट्यानं नाही, उष्टं-खरकटं घराजवळ टाकायचं नाही, कारण त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे तो. माझ्या मैत्रिणीला हे पटलं. ती म्हणाली, वनखातं हेच सांगतं, फक्त फलकावर लिहून. मी म्हटलं, फलकाला कुणी शेंदूर लावत नाही. त्यावर ती काही बोलली नाही, पण तिला हळद्या दिसला होता, त्यामुळे हा माझा विजय मोजता येणार नाही.

नंतर एकदा घोडबंदरला वळसा घालून पुढच्या बाजूनं कान्हेरीला गेले. शंभराहून जास्त लेणी, इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं वापरात. दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं येतात, म्हणजे आपल्या बाजूचे लोक तेव्हाही तिकडे पैसे पाठवत होते. चैत्यगृह भव्य आहे, फोटोत नेहमी तेच असतं. मला तिथली पाण्याची व्यवस्था जास्त भावली: कातळात कोरलेले पन्हळ, डोंगरावरून उतरणारं पाणी एकेका लेण्याच्या दाराशी असलेल्या टाक्यात नेऊन सोडणारे. पाऊस कुठून येतो हे ज्यांनी बसून बघितलंय त्यांनाच हे सुचेल. आणि ते बसलेच होते. बौद्ध भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत, त्याला वर्षावास म्हणतात. त्याचं एक कारण सांगितलं जातं ते असं की पावसात फिरलं तर नुकतं उगवलेलं गवत आणि बारीकसारीक जीव पायाखाली येतात. आपला चातुर्मासही त्याच ऋतूतला. लहानपणी मला वाटायचं, चार महिने कांदा-लसूण न खाण्यात देवाला काय मिळतं. कान्हेरीच्या बाकावर बसून खाली बघितलं, तर सगळा उतार हिरव्या कोंभांनी भरलेला होता, पाय कुठे ठेवावा हा खराच प्रश्न होता. शाळेची एक सहल त्यातूनच खाली धावत गेली.

कारवी या झुडपाबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण त्याबद्दल सगळे लिहितात. २०१६ साली फुलली, मग २०२४ साली. सात वर्षं नुसती पानं, आठव्या वर्षी एकदाच जांभळा-निळा डोंगर, बी धरून झाड मरतं. २०२४च्या फुलोऱ्याला येऊरला इतकी गर्दी झाली की लोक ‘दर्शन झालं का?’ असं विचारत होते, आणि कारवीत घुसून काढलेल्या फोटोंमुळे काही वाटा पार तुडवून निघाल्या. आपल्याला दर्शन म्हटलं की चेंगराचेंगरी आलीच. या हिशेबानं पुन्हा २०३२ साली फुलेल. तोवर कदाचित ठाणे-बोरिवलीचा जोडबोगदा याच डोंगराच्या पोटातून गेलेला असेल आणि मीही त्यातून पंधरा-वीस मिनिटांत बोरिवलीला जाईन. जाईनच, खोटं कशाला बोला.

मे संपत आला की जांभळी नाक्याच्या बाजारात पाड्यांवरच्या बायका शेवळं घेऊन बसतात. पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून वर येणारे ते तपकिरी-जांभळे कोंब. सोबत काकडं, म्हणजे काकडाच्या झाडाची आंबट फळंही घ्यायची, नाहीतर घसा खाजून जीव नकोसा होतो. आईला शेवळं सोलताना बघणं हा सोहळा आहे: वरचं आवरण काढायचं, आतला पिवळा भाग टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं. यंदा मी शेवळं घेतली तेव्हा त्या बाईंना विचारलं, ‘मावशी, तुमच्याकडे केली का?’ त्या म्हणाल्या, ‘आधी देवाला दाखवायची, मंग आमी. तुमी खावा, तुमचं चालतं.’ रानात भाजी उगवलीय, पोट आहे, तरी देवाची वेळ होईपर्यंत हात लावायचा नाही. या एका नियमानं किती कोंब वाचत असतील, त्यांचं पुढे बी होत असेल, ते मोजणारे मोजतील. मला ‘तुमचं चालतं’ हे जरा लागलं. म्हणजे आम्ही त्या हिशेबातच नाही.

आईला हे सगळं सांगितलं. उंबर फोडल्याचंही सांगितलं. ती शेवळं चिरत होती. म्हणाली, ‘मग आता गुरुवार धरणार का?’ मी म्हटलं, माहीत नाही. ‘बोलतेस तरी का त्याच्याशी?’ मी म्हटलं, थोडं थोडं, तेही भांडायला. ‘बरंय,’ ती म्हणाली आणि काकडं मागितली.

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीची एक चित्रफीत आली. पहाटेच्या सुमाराला मागच्या भिंतीवरून एक बिबट्या उतरतो, पार्किंगमधून शांतपणे चालत जातो, कचऱ्याच्या डब्यांपाशी थबकतो आणि परत भिंत चढून जातो. पाऊण मिनिटाचा प्रकार. त्यावर दुपारपर्यंत दोनशे संदेश. पिंजरा लावा. भिंतीवर काटेरी तार लावा. नगरसेवकांना बोलवा. हा आला कुठून? एकानं लिहिलं, ‘आपण इतका मेंटेनन्स भरतो!’ मी लिहिलं की पिंजऱ्यानं काय होतं ते वीस वर्षांपूर्वी बघून झालंय. कचरा रात्री बाहेर ठेवणं बंद करा, मागच्या बाजूचे दिवे चालू ठेवा, गच्चीवरून कुत्र्यांना पोळ्या टाकू नका, तो कुत्र्यांसाठी येतो. आणि भिंत त्याच्या वाटेत आपण बांधलीय, हेही लिहिलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग चौथ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, ‘मॅडम, तुम्ही वाघोबाच्या भक्त आहात की काय?’ पुढे हसण्याच्या तीन बाहुल्या.

मी ‘हो’ असं लिहिलं, आणि खाली कचऱ्याच्या वेळेचा मुद्दा पुन्हा टाकला. सेक्रेटरींनी तो येत्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत घेतलाय, पाण्याच्या टाकीच्या गळतीनंतर.